घारापुरीचं लेणं: पहिली बोट पकडा, आत शिरल्यावर डावीकडे वळा

घारापुरीला, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटावर, जाणाऱ्या माणसांत दोन जाती असतात. एक लेणं बघायला जाणारी आणि दुसरी बोटीत बसायला जाणारी. दुसऱ्या जातीला माझी काही हरकत नाही, समुद्र सगळ्यांचा आहे. पण पहिल्या जातीतले लोकही परत येताना बोटीच्याच गोष्टी सांगतात, कारण या सहलीची रचनाच तशी झाली आहे. जायला तास, यायला तास, तिकिटांच्या दोन रांगा, चढण, दुकानं, माकडं, जेवण, फोटो. एवढ्यातून उरलेला वेळ लेण्याच्या वाट्याला येतो आणि तो बहुतेकांचा वीस मिनिटांत संपतो. म्हणून हा अभिप्राय लिहिते आहे. लेणं कसं आहे हे विचारायची गरज नाही. १९८७ सालापासून ते जागतिक वारसा यादीत आहे. ते नीट बघता कसं येईल, एवढंच सांगायचं आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते, आता निवृत्त आहे. नववीच्या मुलांना दर हिवाळ्यात स्केचबुकं देऊन तिथे बसवायचे. यंदा नागपूरहून वहिनी आणि भाची आल्या होत्या. वहिनींचे गुडघे दुखरे, भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आणि हातातून मोबाइल न सुटणारी. म्हणजे परीक्षा दोन्ही बाजूंनी.

बोटीचं आधी उरकते. गेटवेला नऊच्या सुमाराला बोटी सुटायला लागतात. पहिली किंवा दुसरी पकडा. दहाच्या बोटीने गेलात तर तुमच्याबरोबर चार शाळा असतील. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी येऊच नका. परतीचं तिकीट त्याच कागदावर असतं, तो चिटोरा हरवू नका. माणशी अडीचशेच्या पुढे पडतात आणि वरच्या डेकवर बसायचे थोडे वेगळे द्यावे लागतात. ते जरूर द्या, खाली डिझेलचा वास बसतो. आम्ही गेलो तेव्हा खलाशाने सगळ्यांना लाइफ जॅकेटं घालायला लावली आणि कुणी काढलं की ओरडत होता. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली, त्यानंतरची ही कडक शिस्त आहे. उकडतं, पट्ट्याला घामट वास येतो, तरी घाला. भाचीने "फोटोपुरतं काढू का?" असं विचारलं, त्यावर वहिनींनी नुसतं बघितलं.

वाटेत डावीकडे बुचर बेटाच्या तेलाच्या टाक्या दिसतात, पुढे न्हावाशेव्याच्या कंटेनर उचलणाऱ्या क्रेन, आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला अटल सेतूची लांबच लांब रेघ. हिवाळ्यात सीगल पक्षी बोटीमागे लागतात. लोक त्यांना शेव-गाठिया टाकतात, बोटीवर पुडेही मिळतात. टाकू नका. तळलेलं बेसन खाऊन कुठल्या पक्ष्याचं भलं झालंय? पण हे मी बोटीवर बोलून दाखवलं तर शेजारच्या काकांनी मला अशा नजरेने पाहिलं की मी गप्प क्षितिजाकडे बघत बसले.

धक्क्यावर उतरलं की पायथ्यापर्यंत लांब फरसबंदी वाट आहे आणि तिच्यावरून छोटी आगगाडी चालते. लहान मुलं नसतील तर चालत जा, गाडीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा लवकर पोचता. मग ग्रामपंचायतीचा किरकोळ कर, आणि तिथून १२० पायऱ्या. पायऱ्या उथळ आहेत, मधे सपाट जागा आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्र्या, त्यामुळे ऊन लागत नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते. डोलीवाल्याने वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चार माणसांच्या खांद्यावर जायला मले अजून टाइम आहे बापा." तो बिचारा हसून बाजूला झाला. वहिनी प्रत्येक दुकानाशी थांबत, दगडाच्या हत्तींची, लाकडी मण्यांच्या माळांची किंमत विचारत, न घेता पुढे जात चढल्या. गुडघेदुखीवाल्यांना हीच पद्धत सुचवेन. दुकानदार कंटाळतात, पण गुडघे टिकतात.

माकडांबद्दल एकच सांगते. हातात काही खायचं किंवा पाण्याची रंगीत बाटली ठेवू नका. ती हिसकत नाहीत, हक्काने घेतात.

वर तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. खिडकीसमोर रांग असली तर तिथला कोड मोबाइलवर घेऊन पैसे भरता येतात. हे काम भाचीने केलं आणि आमची रांग वाचली. तिथेच तुम्हाला मार्गदर्शक विचारतील. चांगले असतात, त्यांतल्या काहींचं ऐकत मीही शिकले आहे. यंदा भाचीच्या आग्रहाखातर आम्ही ज्यांना घेतलं त्यांनी मात्र आम्हाला दारातून सरळ मधल्या तीन तोंडांच्या मूर्तीपाशी नेलं, "ब्रह्मा, विष्णू, महेश" असं सांगितलं, तिथे फोटो काढून दिला, येताना नटराज दाखवला आणि संपवलं. मी पैसे दिले, आभार मानले, आणि दोघींना घेऊन पुन्हा दारापाशी आले. आता जे लिहिते ते या दुसऱ्या फेरीचं.

उत्तरेच्या दारातून आत शिरलात की समोर, खूप आत, ती मोठी मूर्ती अंधारात दिसते आणि पाय आपोआप तिकडे ओढले जातात. जाऊ नका. डावीकडे वळा. मुख्य लेणं साधारण ३९ मीटर लांब-रुंद आहे आणि पूर्व, उत्तर, पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडं. उजेड या तीन बाजूंनी येतो आणि दिवसभर फिरतो. सकाळी पूर्वेकडची शिल्पं उजळतात, दुपारी पश्चिमेकडची. डावीकडून सुरुवात केली की तुम्ही पूर्वेकडून दक्षिणेला, तिथून पश्चिमेला आणि परत उत्तरेला असे देवळाला उजवीकडे ठेवून फिरता. म्हणजे प्रदक्षिणाच होते आणि उजेडही तुमच्याबरोबर चालतो. साडेदहाला आत शिरलात आणि सावकाश फिरलात तर दुपारी पश्चिमेच्या शिल्पांपाशी पोचता. मुलांना मी याच क्रमाने बसवायचे.

दाराच्या डाव्या हाताला पहिला योगीश्वर. पद्मासनात बसलेला, हात तुटलेले, तरी पाठीचा कणा इतका ताठ की बघणाऱ्याची पाठ सरळ होते. दाराच्या दुसऱ्या अंगाला नटराज आहे. तो एवढ्यात बघू नका, शेवटी येईल. एक स्थिर, एक फिरता, मधे दार. ज्याने हे ठरवलं त्याला दार म्हणजे काय हे कळत होतं.

पूर्वेच्या ओवरीत समोरासमोर दोन कैलास आहेत. एकात रावण खालून पर्वत हलवतो आहे. रावण आता जवळजवळ मोडून गेलाय, वरची पार्वतीही गेलीय, शिव मात्र हललेला नाही. वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी पाहिलंय त्यांना हीच कथा तिथे जास्त नाट्यमय वाटेल. वेरूळचंच २९ नंबरचं लेणं, ज्याला धुमार लेणं म्हणतात, ते आराखड्यात घारापुरीच्या फार जवळचं आहे. दोन्ही पाहिलेल्यांनी मनात ताडून बघावं. समोरच्या चौकटीत शिवपार्वती सारीपाट खेळताहेत आणि पार्वतीने तोंड फिरवलंय. चेहरा झिजलाय, पण खांदा बोलतो. वहिनी तिथे बऱ्याच थांबल्या. "हरली असन," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "नाही तं यानं खोटा फासा टाकला असन." मी इतकी वर्षं मुलांना या शिल्पातला तोल, रचना, खालचा नंदी आणि गण दाखवत आले, भांडणाचं कारण कुणी काढलं नव्हतं.

इथून बाहेर पूर्वेच्या अंगणात एक पायरी उतरून बघा. बहुतेक लोक इकडे येतच नाहीत. अंगणात नंदीच्या बैठकीचा गोल चौथरा आहे, पलीकडे दुसरं लहान देऊळ आहे, त्याच्या पायऱ्यांना दोन सिंह, आणि आतल्या बाजूच्या दालनात सप्तमातृका, गणपती, कार्तिकेय. मुख्य देवळाचा गाभारा आणि त्यातलं लिंग या पूर्वेच्या दाराच्या रेषेत आहे. त्यामुळे जुन्या काळचे भक्त उत्तरेकडून नाही, पूर्वेकडून आत येत असावेत असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. इथे उभं राहून आत बघितलं की ते पटतं. खांबांच्या दोन रांगांमधून नजर थेट गाभाऱ्याच्या दारावर जाते. उत्तरेकडून शिरलेल्याला सदाशिव, म्हणजे ती तीन तोंडांची मूर्ती, समोर येतो, पूर्वेकडून शिरलेल्याला लिंग. एकाच देवळाला अशा दोन वाटा.

खांबांकडेही बघत चला. खाली चौरस, वर बारीक पन्हळी आणि त्यावर दाबलेल्या उशीसारखा गोल माथा. हे खांब एकसारखे नाहीत. जाडी वेगळी, अंतर वेगळं, काही तर पूर्ण नवे घातलेत, त्यांचा रंगच सांगतो. मुळात खांब उभा केलेला नाही, आजूबाजूचा कातळ काढून टाकलाय. कातळातून देऊळ काढणारा वरून खाली येतो, आणि एकदा घाव चुकला की दगड परत लावता येत नाही. अशा कामात सरळ रेषेचा आग्रह धरणं म्हणजे शाळेतली पट्टी घेऊन डोंगर मोजण्यातला प्रकार.

आता दक्षिणेची भिंत. डावीकडे अर्धनारीश्वर, मधे सदाशिव, उजवीकडे गंगाधर. मार्गदर्शकांनी आम्हाला मधूनच सुरू केलं होतं. क्रमाने आलात तर अर्धनारीश्वराने डोळे तयार होतात. नंदीवर एक कोपर टेकवून उभा असलेला हा देह स्वतःच्या उजव्या अंगाला पुरुष आणि डाव्या अंगाला स्त्री आहे. माझी मुलं दरवर्षी इथेच अडकत. अर्धा-अर्धा काढायला जावं तर चित्र दोन तुकड्यांचं होतं. इथे तसं होत नाही, कारण कमरेचा बाक एकच आहे. पुरुषाच्या बाजूने भार नंदीवर कलतो आणि स्त्रीच्या बाजूने कंबर बाहेर येते. एकाच हालचालीने दोन्ही गोष्टी होतात. भाचीने मोबाइल खाली ठेवून विचारलं, "आत्या, हे एकाच माणसानं केलं असेल का?" त्याला मी खरंच उत्तर देऊ शकले नाही. कारागिरांची नावं कुठेच नाहीत.

कुणी करवून घेतलं त्याचंही असंच. एक शिलालेख होता. १५३४ पासून बेट पोर्तुगीजांच्या हातात गेलं, त्यांनी तो दगड काढून राजाला पाठवला, तिथे तो कुणाला वाचता आला नाही आणि मग हरवला. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली आहेत, म्हणून सहाव्या शतकाच्या मध्याला कलचुरींच्या काळात हे काम झालं असं बरेचजण मानतात. त्याआधी कोकणच्या मौर्यांचा अंमल होता, काहीजण श्रेय त्यांना देतात. जोगेश्वरीचं लेणंही याच काळाच्या आसपासचं. म्हणजे आज जिथे लोकल धावतात आणि कंटेनर उतरतात त्या पट्ट्यात तेव्हा शिवाची एवढी मोठी कामं एकामागून एक चालली होती, आणि त्यांच्या मालकाचं नाव आपल्याला धड माहीत नाही.

सदाशिव. उंची साधारण साडेपाच मीटर, खोल कोनाड्यात, बाजूला द्वारपाल. तीन चेहरे दिसतात. हे ब्रह्मा, विष्णू, महेश नव्हेत, तिन्ही शिवाचेच. मधला तत्पुरुष, डोळे मिटलेले. डावीकडचा अघोर किंवा भैरव, मिशा, कपाळावर आठी, हातात नाग. उजवीकडचा वामदेव, काहीजण उमा म्हणतात, केसांत मोत्यांच्या माळा, हातात कमळ, ओठ भरलेले. मागचा चौथा चेहरा कातळात आहे असं मानायचं आणि पाचवा वर, तो दिसायचाच नसतो. आता एक करा. मूर्तीच्या अगदी समोर उभे राहू नका, तिथे सगळे फोटोसाठी उभे असतात. पंधरा-वीस पावलं मागे या आणि एखाद्या खांबाच्या आडोशाने जमिनीवर बसा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं लागतात. तोवर काही दिसत नाही, नुसता आकार. मग डावा चेहरा आधी येतो, कारण त्यावर सकाळचा पूर्वेकडचा उजेड घसरत पोचतो. मग मधला. उजवा चेहरा सकाळी सावलीत राहतो आणि दुपारनंतर उघडतो. म्हणून मी म्हणते दोन तास हवेत. एकाच वेळी हे तिन्ही चेहरे बघता येत नाहीत. फ्लॅश मारलात तर तिन्ही एकदम सपाट होतात. वहिनी तिथे पंचवीसेक मिनिटं बसल्या, जप करत होत्या की काय कोण जाणे. मी विचारलं नाही.

गंगाधराकडे लोक दमून येतात आणि पुढे जातात. थांबा. शिवाच्या डोक्यावर गंगा उतरते आहे, तिला तीन तोंडं आहेत. पायाशी भगीरथ हात जोडून. पार्वती शेजारी उभी, आणि तिच्या उभं राहण्यात थोडं नाराजीचं वळण आहे. वहिनींनी अर्थातच टिपलं. "घरात आणखी एक बाई येऊन राह्यली ना."

पश्चिमेच्या ओवरीत लग्न आणि वध समोरासमोर. लग्नाच्या चौकटीत पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, बाप हिमवान तिला मागून पुढे करतोय, चंद्र कलश घेऊन आलाय, खाली ब्रह्मदेव होमापाशी भटजी होऊन बसलाय. मान किंचित खाली, अंगात संकोच. मला घारापुरीतली ही सगळ्यात सुंदर आकृती वाटते, सदाशिवापेक्षाही. "लग्न लागेस्तोवर नवरी उजवीकडंच असते," वहिनी म्हणाल्या, "मग डावीकडं येते." शास्त्र म्हणतं तेच, आणि त्यांनी आयुष्यात शंभर लग्नांत अक्षता टाकून ते पाठ केलंय.

समोर अंधकासुराचा वध. आठ हात, बहुतेक तुटलेले, मागे पसरलेलं हत्तीचं कातडं, गळ्यात मुंडमाळा, ओठांतून बाहेर आलेले दात. दुपारी पश्चिमेचा उजेड तिरका आला की भुवया इतक्या खोल जातात की लहान मुलं मागे सरकतात. सकाळी हे शिल्प मवाळ दिसतं. मला वाटतं करणाऱ्याने दुपार धरूनच कोरलं असणार; पुरावा काही नाही, माझं मत.

मधला चौकोनी गाभारा राहिला. चारी बाजूंना दारं, प्रत्येक दाराशी दोन द्वारपाल, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी पुरणार नाहीत एवढे उंच. आत लिंग. रोजची पूजा इथे होत नाही, हे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं स्मारक आहे. महाशिवरात्रीला मात्र उरण, मोरा, बेलापूरकडून होड्या भरून माणसं येतात आणि घारापुरीची जत्रा भरते. चपला काढायचं बंधन मला तरी दिसलं नाही, आम्ही काढल्या. वहिनींनी पर्समधून बेलाचं पान काढलं. नागपूरहून आणलेलं, रुमालात गुंडाळलेलं. रखवालदाराने बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

शेवटी नटराज. पायच नाहीत त्याला, हात मोडलेले. पोर्तुगीज सैनिक इथे नेमबाजीचा सराव करत असं सांगतात. पाय नसलेला नर्तक नाचताना दिसावा हे कसं जमतं ते समजून घ्यायचं असेल तर बेंबीपासून खांद्यापर्यंतचा पीळ बघा; नुसत्या धडावर नाच आहे. भाचीने इथे स्केच काढलं. माझ्या पर्समध्ये कायम एक वही आणि दोन पेन्सिली असतात, तिने मागितल्या. चांगलं काढलं नाही, पण पीळ बरोबर आला.

आता लेण्याबाहेरचं पटकन. पुढच्या २ ते ५ नंबरच्या लेण्यांकडे वाट जाते, त्यांतली बरीच अर्धवट किंवा पडझड झालेली आहेत. मुख्य लेणं नीट पाहिलं असेल तर तिकडे फक्त चालायला जा. डोंगरमाथ्यावर तोफा आहेत, तिथून समुद्र छान दिसतो. वहिनींना मी सुचवलंही नाही. पलीकडच्या डोंगरावर बौद्ध लेणी आणि विटांचा स्तूप आहे, म्हणजे शिवाच्या आधीही या बेटावर कुणीतरी ध्यान करत होतं. तिकडे जायला सबंध वेगळा दिवस काढावा लागतो.

स्वच्छतागृह वर तिकीटघराजवळ आहे. बोटीवरून उतरल्यावर लगेच जा असं सांगणार नाही, पण दुपारी दोननंतर जाऊ नका. बायकांसाठी रांग लांब, पाणी कधी आहे कधी नाही. एवढ्या लोकांचे पैसे जिथे गोळा होतात तिथे ही अवस्था असू नये. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वर नेण्याची डोलीशिवाय दुसरी सोय मला तरी दिसली नाही.

जेवण मात्र सुरेख. पायऱ्यांच्या आसपास हॉटेलं आहेत, तिथे पंजाबी-चायनीज मिळतं आणि त्याची चव मुंबईत कुठेही मिळेल तशीच. त्यापेक्षा खाली, गावातल्या बायका चालवतात अशा घरगुती खानावळी शोधा. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वाड्या आहेत, आगरी-कोळी वस्ती. आम्हाला तांदळाची भाकरी, बोंबील तळलेले, कोळंबीचं कालवण आणि वाटीभर सोलकढी मिळाली. वहिनी शाकाहारी, त्यांच्यासाठी बाईंनी वालाचं बिरडं नव्याने फोडणीला टाकलं, वेगळे पैसे न मागता. त्या बाई सांगत होत्या, २०१८ सालापर्यंत बेटावर धड वीजच नव्हती, संध्याकाळी थोडा वेळ जनरेटर चालायचा. मग समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल आली आणि घरात फ्रिज आला, म्हणून आता दुपारपर्यंत मासे टिकतात. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं अंधारात बसायचं. पर्यटकांना रात्री बेटावर राहू देत नाहीत, त्यामुळे तो अंधार आपल्यापैकी कुणी पाहिलेलाच नाही.

वाटेत डोक्यावर दोन-तीन हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका भेटतील. फोटो काढलात तर पैसे द्या. तो त्यांचा धंदा आहे. उगीच लांबून झूम करून चोरून काढायचे आणि "किती ऑथेंटिक" म्हणायचं, हे बरं नाही. कैरी, काकडी, उकडलेल्या शेंगा घ्या त्यांच्याकडून. मक्याच्या कणसाला माकडं येतात.

परतीच्या बोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला संपतात, पण शेवटच्या बोटीवर विसंबू नका. चारनंतर धक्क्यावर रेटारेटी सुरू होते. आम्ही साडेतीनला निघालो, वरच्या डेकवर बसायला जागा मिळाली. पैशाचं म्हणाल तर तिघींचे जेवणासकट दोन हजारांच्या आत झाले, त्यात मार्गदर्शकांचे धरले आहेत, जे तुम्ही वाचवू शकता किंवा चांगला माणूस मिळाला तर दुप्पट देऊ शकता. माणूस चांगला की नाही हे ओळखायची एक युक्ती सांगते. आधी विचारा, "सुरुवात कुठून करता?" "मधल्या मूर्तीपासून" म्हणाला तर नमस्कार करा.

आणि बेटाला ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं तो हत्ती बेटावर शोधू नका. लोक विचारत फिरतात, दुकानदार त्यांना दगडाचे छोटे हत्ती विकतात. मूळ हत्ती १८१४ मध्ये कोसळला. पुढे तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तुकडे झाले, आणि १८६४ ला ते मुंबईत आणले. १९१४ च्या सुमाराला ते पुन्हा जोडले. आज तो राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. भायखळ्याला पूर्वेकडे उतरा, चालत जाता येतं. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. भाची दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन आली, जोडाच्या रेषा कुठे कुठे आहेत ते तिने वहीत काढून आणलं. वहिनी गेल्या नाहीत. गुडघ्यांना तेल लावून घेत होत्या आणि नागपूरला फोनवर कुणाला तरी सारीपाटाची गोष्ट सांगत होत्या.